पिल्लाच्या तोंडात काय द्यायचं?

मी भिलाईहून बोलतोय. कुत्रा पाळणाऱ्यांचा मला नेहमी येणारा प्रश्न म्हणजे, "पिल्लू घरी आणलंय, खेळणी कोणती घेऊ?" आज तेवढ्याच विषयावर बोलू.

आमच्या गावात या प्रश्नाला एक वेगळा पदर आहे. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेली कितीतरी जोडपी इथे दोघंच राहतात. मुलं पुण्याला, बंगळुरूला, कुणी परदेशात. सुट्टीत आली की आईबाबांना सोबत म्हणून एखादं लॅब्राडॉरचं पिल्लू आणून देतात आणि बरोबर खेळण्यांची भरलेली पिशवीही. त्या पिशवीतल्या निम्म्या वस्तू मी बाजूला काढून ठेवायला सांगतो. का, ते ऐका.

आधी पिल्लाचं तोंड समजून घ्या. त्याला दुधाचे 28 दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते चावतं. त्याला तुम्ही खोडकर म्हणा, पण ती त्याची गरज आहे. "चावू नकोस" हा हुकूम त्याला पाळताच येत नाही. काय चावायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

दुकानात वस्तू हातात घेतली की तीन गोष्टी बघा.

पहिली, कडकपणा. अंगठ्याचं नख दाबून बघा. थोडं रुतलं तर ठीक. अजिबात रुतलं नाही, तर त्या वस्तूवर दात तुटू शकतो. शिंगं, खूर आणि दगडासारखं कडक प्लास्टिक इथेच बाद होतं. शिजवलेलं हाड तर कधीच देऊ नका. त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात आणि घशात किंवा आतड्यात घुसतात.

दुसरी, आकार. चेंडू पूर्ण तोंडात मावून दाढांच्या मागे जात असेल, तर तो घशात अडकून श्वास कोंडू शकतो. पिल्लू दर आठवड्याला वाढतं. आजचा चेंडू दोन महिन्यांनी लहान पडतो, तेव्हा तो काढून मोठा आणा.

तिसरी, सुटणारे भाग. बाहुलीचे डोळे, बटणं, आतली शिट्टी, कापूस, दोरे. नातवंडांची जुनी खेळणी पिल्लाला देऊ नका. त्यात बटणाएवढी बॅटरी असेल आणि ती गिळली गेली, तर ती आतून भाजते.

दोऱ्याचं थोडं अधिक सांगतो. आमच्या शेजारच्या घरी चार महिन्यांच्या पिल्लाला दोरीचं खेळणं दिवसभर दिलेलं असायचं. दोन दिवस ते ओकत राहिलं, खाणं बंद झालं. डॉक्टरांनी पोट उघडलं, तेव्हा आत दोऱ्यांचा गुंता निघाला. लांब दोऱ्याचं एक टोक अडकलं की आतडं त्याच्यावर चुण्या पडून गोळा होतं, पायजम्याची नाडी ओढल्यावर कापड गोळा होतं तसं. पिल्लू वाचलं. काका मला म्हणाले, "कर्नलसाहेब, खेळणंच तर दिलं होतं हो!" त्यांचं काही चुकलं नव्हतं. दोरी फक्त आपण दुसरं टोक धरलेलं असतानाच द्यायची, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

घरात चार खेळणी पुरतात. एक चावायला, एक धावत जाऊन आणायला, एक ओढाओढीला आणि एक खाऊ भरायला. एका वेळी दोनच बाहेर ठेवा, दर तीन-चार दिवसांनी बदला. जुनं खेळणंही मग नवं वाटतं. फाटलं की त्याच दिवशी फेका. टेनिसचा चेंडू आणायच्या खेळापुरता द्या. त्याच्या खरखरीत लोकरीने दात झिजतात. ओढाओढीत दोरी खाली धरा, झटके देऊ नका. दुधाचे दात हलत असतात. आणि जुनी चप्पल तर कधीच देऊ नका. जुनी कुठली आणि पाहुण्यांची नवी कुठली, हे त्याला कसं कळणार?

खाऊ भरायचं पोकळ रबरी खेळणं अमेरिकेत जन्मलं. ज्यो मार्खम नावाच्या गृहस्थांचा जर्मन शेफर्ड दगड चावायचा. गाडी दुरुस्त करताना सुटलेला सस्पेन्शनचा रबरी भाग त्याने उचलला आणि दगड सोडले. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा मी अशा खेळण्यात बिनमिठाचा दहीभात भरून फ्रीजरमध्ये ठेवतो. हिरड्यांना गारवा मिळतो आणि पिल्लू अर्धा तास रमतं. त्यात कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट घालायचं नाही. ते कुत्र्याला विष आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फौजेत स्फोटकं शोधणारे श्वान मी कामावर पाहिले आहेत. मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात ते तयार होतात. स्फोटक सापडलं की अशा श्वानाचं मोठं बक्षीस म्हणजे बहुधा एक साधा चेंडू. चेंडूत एवढं काय असतं? तो टाकणारा हात त्याच्या माणसाचा असतो, हे असतं.

म्हणून पिल्लाला व्हरांड्यात बांधून समोर दहा खेळणी टाकली, तर ते शेवटी दारच कुरतडणार. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं तुम्ही खाली बसा, चेंडू टाका, आणला की शाबासकी द्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून टाका, त्याला चालतं. मुलांनी पिल्लू आणलं ते तुमच्या सोबतीसाठी. त्यालाही तुमचीच सोबत हवी आहे.

आज घरातली खेळणी एकदा जमिनीवर मांडा आणि प्रत्येकावर नख दाबून बघा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.