सोने आणि कसोटी



सोनारी हे नाव उच्चारताच सोनाराच्या कसोटीचे स्मरण होते. पितळही चकाकते, कसास लाविल्यावाचून सोने कळत नाही. उघड पाप ओळखणे सोपे. परंतु चांगल्याच्या वेषात येणारा मोह ओळखावयास जागृत अंतःकरण लागते. कामाच्या धांदलीत प्रार्थना राहिली, तर ‘हीही सेवाच’ अशी मनाची समजूत मी धर्मगुरू असूनही घालीत आलो आहे.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया व्यापारात भरभराटीस आले होते. त्या यशालाच ईश्वरी इच्छा मानून ते स्वस्थ बसते, तर कोणीही त्यांस दोष दिला नसता. परंतु अंतरीची हाक त्यांनी निजू दिली नाही. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. पुढे जपानात परतून ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रूसावर प्राण अर्पिले.

यास्तव रोज निजण्यापूर्वी क्रूसापुढे गुडघे टेकून स्वतःस पुसावे : आज कोणत्या विचाराने मला देवाजवळ नेले, कोणत्या विचाराने दूर लोटले? हीच आपली कसोटी होय. ज्युबिलीचे दिवे मालवतील; हा दिवा मालवू नये. आमेन.