पत्र्याखालची झोप



बोईसरमध्ये सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला दोन पाळ्यांची गर्दी रस्त्यावर असते. पहिल्या पाळीची माणसं कारखान्याकडे निघालेली असतात आणि रात्रपाळीची खोलीकडे परतत असतात. आज मला या परतणाऱ्यांविषयी बोलायचं आहे. त्यांना आता झोपायचं असतं आणि एप्रिल-मे महिन्यांत नेमका त्याच वेळी डोक्यावरचा पत्रा तापायला लागतो.

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. औद्योगिक वसाहत वाढली, देशभरातून कामगार आले आणि त्यांच्यासाठी बोईसरच्या आसपास खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. विटांच्या भिंती, एक दार आणि वर पत्रा. पालघर परिसरात आता रेल्वेची, रस्त्यांची मोठी कामं चालतात. अशा कामांवर मजुरांना लोखंडी केबिनमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. काम पुढे सरकलं की क्रेनने उचलायची आणि पुढच्या जागी ठेवायची, अशी ही फिरती घरं. त्यांना तर भिंतीही पत्र्याच्याच.

आपल्याकडे पारा विदर्भासारखा पंचेचाळीसवर जात नाही, हे खरं. पण हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांना उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं, तर किनाऱ्यावर ३७ अंशांनाच. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून कमी तापमानही जास्त बाधतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या कार्यक्रमात भर उन्हात बसलेल्या माणसांचे जीव गेले, ते याच कोकणपट्टीत.

आता पत्रा इतका का तापतो ते पाहू. तो पातळ असतो, त्यामुळे ऊन पडल्यावर थोड्याच वेळात तापतो. भर दुपारी हात टेकवता येत नाही, साठ अंशांच्या घरात जातो. नवा चकचकीत पत्रा बरंचसं ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता आकाशाकडे सोडायला तो फार कंजूष असतो. गंजलेला पत्रा ऊनही जास्त शोषतो. मग ही उष्णता खालच्या बाजूने थेट आपल्या अंगावर येते. पंखा लावला तर तो वरची गरम हवाच खाली ढकलतो. म्हणून पहिलं सूत्र लक्षात ठेवा: उष्णता पत्र्याच्या वरच अडवायची. ती आत आल्यावर तिच्याशी झगडणं महागात पडतं.

सगळ्यात सोपा उपाय पांढऱ्या रंगाचा. पांढरा रंग ऊन परतवतो आणि घेतलेली उष्णताही लवकर सोडतो. अशा छपरांमुळे घरातलं तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरतं, असा अनुभव आहे. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं रंगवायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी वेगळं धोरणच जाहीर केलं.

अनेक जण विचारतात, चुना मारला तर चालेल का? सिमेंटच्या स्लॅबवर जरूर मारा. पत्र्यावर मात्र चुना नीट धरत नाही, पापुद्रे सुटतात आणि पहिल्या पावसात वाहून जातो. शिवाय ओला चुना जस्ताच्या थराला मानवत नाही. पत्र्यासाठी बाहेरच्या वापराचा पांढरा रंगच घ्यावा. आधी तारेच्या ब्रशने गंज काढा, प्रायमर द्या, मग दोन हात मारा. हे काम फेब्रुवारीत, सकाळच्या वेळी उरका. कारखान्यांजवळ काजळी आणि धूळ बसते, तिने पांढरा रंग मळतो आणि निकामी होतो. म्हणून दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर छप्पर धुवायला हवं. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं असेल तर ते घासू नका, कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. असा पत्रा पायाखाली फुटतोही.

दुसरा उपाय सावलीचा. पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून बांबूचा मांडव घाला आणि त्यावर नारळाची विणलेली झापं किंवा शेतीची हिरवी जाळी टाका. मधलं अंतर महत्त्वाचं, कारण तिथून वारा वाहतो आणि उष्णता घेऊन जातो. लोखंडी केबिनला हा उपाय सगळ्यात लागू पडतो. तिच्या पश्चिमेच्या भिंतीलाही अशीच सावली करा. मोकळी जागा असेल तर जानेवारीत दुधी-दोडक्याचे वेल लावून मांडवावर चढवा, धुण्याचं पाणी त्यांना पुरतं. वेल पत्र्याला टेकू देऊ नका, करपतात. झापांजवळ चूल नको. आणि मे संपायच्या आत मांडवावरची झापं, जाळी उतरवून ठेवा. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, ते आठवा.

तिसरा उपाय आतला. आपल्या वारली घरांकडे पाहा. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप आणि वर गवताचं किंवा कौलांचं छप्पर. गवत उष्णता खाली येऊ देत नाही आणि कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. पत्र्याच्या खोलीत हेच दुसऱ्या रीतीने करता येतं. पत्र्याखाली वीतभर अंतरावर बांबूच्या चटईचं छत बांधा आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी ठेवा. पोकळी बंद राहिली तर तिथली हवाही तापून बसते. पुष्कळ ठिकाणी पत्र्याखाली थर्माकोल चिकटवतात. उष्णता तो अडवतो, पण पेटला तर भडकतो आणि विषारी धूर करतो. एकाच दाराच्या खोलीत तो धोका पत्करू नये.

दुपारनंतर समुद्रावरून पश्चिमेचा वारा येतो. एकच दार असलेल्या खोलीत तो शिरत नाही, कारण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मागच्या भिंतीत वरच्या बाजूला दोन विटा काढून जाळी बसवली तरी फरक पडतो. पत्र्यावर ओली पोती टाकली की तो थंड होतो, हेही खरं. पण जव्हार-मोखाड्याला टँकर धावत असताना छपरावर पाणी ओतणं पटत नाही, आणि सतत ओला राहिलेला पत्रा गंजतो. कूलरचं म्हणाल, तर कोरड्या नागपुरात तो उपयोगी. आपल्या दमट हवेत तो खोली आणखी दमट करतो.

पत्र्याचा एक गुणही सांगतो. सूर्य मावळला की तो लवकर निवतो, स्लॅबसारखा रात्रभर ऊब धरत नाही. पण हा गुण रात्री झोपणाऱ्याच्या कामाचा. रात्रपाळीवाल्याला त्याचा काय उपयोग? त्याची झोप दुपारी बाराच्या आत मोडते आणि रात्री तो पुन्हा यंत्रापुढे, रसायनांच्या टाकीपुढे उभा राहतो. अपुऱ्या झोपेचा माणूस तिथे उभा असणं त्याच्यासाठी धोक्याचं, तसंच शेजारी काम करणाऱ्यासाठीही. दिवसभर त्याच खोलीत स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि लहान मुलांच्या वाट्याला तर पूर्ण दुपार येते.

मग हा खर्च करायचा कोणी? भाडेकरू म्हणतो, पत्रा मालकाचा, मी उद्या दुसरीकडे जाईन. मालक म्हणतो, उकाडा मला होत नाही. या दोघांमध्ये छप्पर तसंच तापत राहतं. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्याने तात्पुरत्या निवाऱ्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकली होती. स्वयंपाक, अंघोळ, धुणं आणि शौचालय यांची सोयही त्यात सांगितली होती. उकाड्याचं नाव त्या यादीत नव्हतं. माझं म्हणणं असं की ते आता आपण घालावं. चाळमालकांनी रंगाचा खर्च दुरुस्तीत धरावा. रंगवलेला पत्रा गंजत कमी, म्हणजे टिकतोही जास्त, तेव्हा यात त्यांचाही फायदा आहे. कंत्राटदाराने केबिन उतरवली की त्याच दिवशी तिच्यावर सावली बांधावी. ग्रामपंचायतींनी शाळा आणि अंगणवाडीच्या पत्र्यांपासून सुरुवात करावी, म्हणजे लोकांना फरक डोळ्यांनी दिसेल.

खोली भाड्याने घेताना आपण पाणी विचारतो, वीज विचारतो. यापुढे एकदा वर बघून, छपराचं काय केलंय, हेही विचारा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)