टॉर्च मारून बघा: बाबांच्या जुन्या लॅपटॉपची बॅकलाइट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

आज कोडबद्दल काहीच बोलणार नाहीये. आज एक स्क्रूड्रायव्हर, एक टॉर्च आणि माझा आगाऊपणा, एवढंच.

मी मूळचा केळझरचा. वर्धा जिल्हा, नागपूर-वर्धा रस्त्यावरचं गाव, टेकडीवर सिद्धिविनायकाचं मंदिर. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, भीमाने बकासुराला इथेच मारलं, हे आमच्याकडे लहान पोरगंही सांगतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २००४ च्या सुमारास त्यांनी नागपूरहून एक सेकंडहँड लॅपटॉप आणला. चौदा इंची स्क्रीन, विटेसारखा जाड. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्या काळातले बहुतेक लॅपटॉप आतून सारखेच.

त्यावर त्यांनी वर्षानुवर्षं एकच काम केलं. गावातल्या वावरांची, विहिरींची, पांदणींची नावं गोळा केली. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण माणसं वावराला नावाने ओळखतात. ती नावं म्हाताऱ्या लोकांकडून ऐकायची आणि रात्री टाइप करायची. सांगणाऱ्यांपैकी बरेच जण आता नाहीत.

मग एक दिवस स्क्रीन काळी पडली. मी तेव्हा पुण्यात नवीनच नोकरीला लागलो होतो. फोनवर ऐकलं आणि लगेच निकाल दिला: "बाबा, मेला तो. भंगारात द्या, मी नवीन घेऊन देतो." बाबा काही बोलले नाहीत. लॅपटॉप धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. चार वर्षं तो तिथेच होता, आणि चार वर्षं बाबांनी एक ओळ लिहिली नाही. नवीन घेऊन दिलेला लॅपटॉप आई भजनं ऐकायला वापरते.

गेल्या दिवाळीत तो खाली काढला, चार्जर लावला. पंखा फिरला, विंडोज सुरू झाल्याचा आवाज आला, स्क्रीन मात्र काळी. मोबाइलचा टॉर्च लावून स्क्रीनवर तिरका धरला, तर आत फाइलींची नावं दिसली. फिकट, पण सगळी जागेवर. चार वर्षांपूर्वी फोनवर "बाबा, टॉर्च मारून बघा" एवढं म्हणालो असतो तर? असो.

आता हे असं का होतं ते सांगतो. एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. तो खिडकीच्या काचेवर काढलेल्या चित्रासारखा असतो, मागे उजेड असेल तरच दिसतो. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत मुलांना एक्सओ नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले होते, आठवतात? त्यांची स्क्रीन मुद्दाम अशी बनवली होती की मागचा दिवा बंद केला तरी भर उन्हात काळं-पांढरं वाचता यायचं. बाबांच्या लॅपटॉपला ती सोय नव्हती. दिवा गेला की अंधार.

तो दिवा म्हणजे सीसीएफएल. उदबत्तीच्या काडीएवढी बारीक काचेची नळी, स्क्रीनच्या खालच्या कडेला आडवी बसवलेली. तत्त्व घरच्या ट्यूबलाइटचंच: आत पाऱ्याची वाफ, काचेला आतून फॉस्फरचा थर. पण हिला पेटायला हजार व्होल्टच्या आसपास किंवा जास्तच लागतात, आणि पेटल्यावरही काही शे व्होल्ट. ते तयार करते एक छोटी पट्टी, तिचं नाव इन्व्हर्टर. हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "याच्यात बी इन्व्हर्टर असते? मंग लाइन गेली त चालत काऊन नाही?" (हसतो)

तर तपासायचा क्रम. टॉर्च मारल्यावर चित्र दिसलं, म्हणजे पडदा आणि मदरबोर्ड ठीक. मग ब्राइटनेसची बटणं बघा. मग झाकण बंद झाल्याचं ओळखणारा छोटा स्विच बघा. तो कचऱ्याने दाबलेला राहिला तर दिवा लागतच नाही. मग झाकण हळूहळू हलवा. बिजागरीतून जाणारी वायर तुटली असेल तर उजेड लुकलुकतो. हे सगळं ठीक असेल तर दोनच संशयित उरतात, नळी किंवा इन्व्हर्टर.

आमची स्क्रीन सुरू करताना दोन सेकंद गुलाबी व्हायची आणि विझायची. बाबांना आठवत होतं की बंद पडायच्या आधी कित्येक महिने ती लालसर दिसायची. हे म्हाताऱ्या नळीचं लक्षण. इन्व्हर्टर तिला पेटवू पाहतो, ती नीट पेटत नाही, मग तो स्वतःला बंद करून घेतो.

उघडण्याआधी एक काम केलं, तुम्हीही कराच: हार्ड डिस्क काढून सगळ्या फाइली कॉपी केल्या. मग बॅटरी काढली, चार्जर काढला, स्क्रीनच्या चौकटीवरच्या रबरी टिकल्यांखालचे स्क्रू काढले. आणि चालू इन्व्हर्टरच्या आउटपुटला साधा मल्टिमीटर लावू नका. मीटर जाईल, आणि झटका बसेल तो वेगळाच.

नळी काढताना माझ्या हातून तुटली. तिच्यात पारा अगदी थोडा असतो, पण असतो. झाडू मारायचा नाही. खिडक्या उघडल्या, आईला बाहेर बसवलं, तुकडे ओल्या कागदाने आणि चिकटपट्टीने उचलले, डब्यात बंद केले.

त्याच मापाची नळी मिळेना, म्हणून ऑनलाइन एलईडी पट्टीचा किट मागवला. तो कापता येतो, पण पट्टीवर खुणा असतात तिथेच. त्याच्या छोट्या ड्रायव्हरला तीन गोष्टी आणि ग्राउंड लागतात: वीज, चालू-बंदचा इशारा आणि ब्राइटनेसचा इशारा. जुन्या इन्व्हर्टरच्या कनेक्टरवर हे सगळं मिळतं. कुठली वायर कुठली ते मात्र मोजून ठरवा, रंगावर जाऊ नका. आणि चार्जर लावल्यावर तिथे किती व्होल्ट येतात ते ड्रायव्हरला झेपतात का, हे आधी बघा.

सगळ्यात वेळ गेला तो पडद्यामागच्या पातळ पारदर्शक कागदांत. तीन-चार असतात, त्यांचा क्रम आणि बाजू चुकली की स्क्रीनवर डाग दिसतात. मी पहिल्यांदा चुकलो, पुन्हा उघडावं लागलं. उघडतानाच फोटो काढून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, फाइली तर कॉपी झाल्या होत्या, मग एवढा खटाटोप कशाला? मलाही तसंच वाटलं होतं. पण बाबांनी सगळं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. माझ्या लॅपटॉपवर ते उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कन्व्हर्टर असतात, मी वापरला. पण वेलांट्या आणि रफार भलतीकडे जातात. 'विहीर'ची 'वहिीर' होते. नेहमीचा शब्द आपण ओळखू, पण वावराचं नाव कसं ओळखणार? ते कुठल्या शब्दकोशात नाही. बरोबर काय ते फक्त जुन्या स्क्रीनवर होतं, आणि बाबांच्या डोक्यात.

म्हणून गेले काही महिने रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल असतो. बाबा जुन्या लॅपटॉपसमोर बसून वाचतात, मी इकडे दुरुस्त करतो. परवा एका नावाला थांबले. म्हणाले, "हे चुकीचं लिहिलं होतं मी. उद्या विचारून येतो." दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन विचारून आले, आणि जुन्याच लॅपटॉपवर दुरुस्त केलं. चार वर्षांनंतरची ती पहिली ओळ.

उजेड आधीपेक्षा थोडा निळसर आहे, डाव्या कोपऱ्यात एक सावली राहिलीये. बाबांना चालतं.

तुमच्याकडे कपाटावर, माळ्यावर असं काही काळं पडून असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी टॉर्च मारून बघा, आणि काय दिसलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.