बंद काळातील विद्यार्थी आणि त्यांचे मन



संध्याकाळी खुर्चीला खुर्ची लावून व्याख्यान ऐकण्याची २०२० साली बंदी होती, हे आता सांगितल्यावरच आठवते. २५ मार्चपासून देश बंद झाला. पुढे बाजार उघडले, देवळे उघडली. महाराष्ट्रातील महाविद्यालये मात्र, २०२१ च्या फेब्रुवारीत काही ठिकाणी भरलेले थोडे दिवस सोडले, तर त्या वर्षीच्या २० ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली. म्हणजे सुमारे १९ महिने. तीन वर्षांच्या पदवीतला निम्म्याहून अधिक काळ.

त्या मुलांचा अभ्यास बुडाला, असे लोक म्हणतात. आम्हांला वाटते, अभ्यास त्यातल्या त्यात कमी बुडाला. धडे पडद्यावरून कसेबसे घरी पोहोचले. पोहोचला नाही तो वर्गाबाहेरचा भाग: कट्टा, चहाची टपरी, वसतिगृहातली जागरणे. वडीलमंडळींच्या लेखी ही सारी उनाडकी. परंतु विशीतला मुलगा आपली भीती आईबापांना सांगत नाही. तो ती मित्राला सांगतो, तीही थट्टेत; आणि मित्र म्हणतो, "अरे, माझंही तेच!" एवढ्याने निम्मे ओझे उतरते. ते उतरवण्याची जागाच नाहीशी झाली.

आम्ही शिकवणारे तेव्हा काळ्या चौकोनांपुढे बोलत होतो. वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा चार दिवस गप्प बसला, तर ध्यानात येते. काळ्या चौकोनावरून काय कळणार? आणि मुले कॅमेरा बंद ठेवीत ती केवळ आळसाने नव्हे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभरांपैकी जेमतेम १५ घरांत इंटरनेट होते, संगणक चार-पाच घरांत. पुढे फोन वाढले खरे, पण पुष्कळ घरी एकच, आणि तो वडिलांच्या खिशात. दोन खोल्यांत सहा माणसे. कॅमेरा लावला की घरातली सगळी अडचण वर्गापुढे मांडली जाणार. मुलींची गोष्ट आणखी निराळी. "घरीच आहेस, तर चार भाकऱ्या टाक," हे तास चालू असतानाच ऐकू येई.

त्यातच परीक्षेचा घोळ. शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायची नाही, असे जूनमध्ये राज्य शासनाने ठरवले. घ्यावीच लागेल, असे ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितले. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, परीक्षेवाचून पदवी नाही. बहुतेकांची परीक्षा ऑक्टोबरात झाली. बहुपर्यायी प्रश्नांची, तासाभराची. कठीण परीक्षा माणूस सोसतो. होणार की नाही याचा पत्ता नसणे हे अधिक जाचते. त्यावर कडी म्हणजे, त्याच जुलैत राज्यातील काही कृषी विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असा शिक्का आला. ओरड झाल्यावर तो काढण्याचे आदेश निघाले. पण 'कोरोनाची बॅच' हे नाव मुलाखतीच्या खोलीपर्यंत मुलांच्या मागे गेले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे देशात २०१९ साली १०,३३५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२० साली १२,५२६ आणि २०२१ साली १३,०८९. यांत शाळकरी मुलेही आहेत, आणि साऱ्यांचे खापर टाळेबंदीवर फोडणे सत्याला धरून होणार नाही. तथापि हे आकडे वाचून स्वस्थ बसवत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. जुलै २०२० मध्ये 'मनोदर्पण' ही समुपदेशनाची सोय निघाली. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असलाच पाहिजे, असे बजावले आहे.

आपल्यापैकी कित्येकजण संस्थांच्या कार्यकारिणीवर आहात, म्हणून एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट सांगतो. समुपदेशकाच्या खोलीचे दार कोठे उघडते, ते स्वतः जाऊन पाहा. ते प्राचार्यांच्या कचेरीसमोर किंवा फी भरण्याच्या खिडकीशेजारी असेल, तर तेथे कोणीही पाऊल टाकणार नाही. ग्रंथालयाच्या वाटेवर द्या. येताजाता सहज आत शिरता येते, आणि का गेला होतास असे कोणी विचारत नाही.