मेसेज आला कुठून?



आपला संज्ञापनाचा अभ्यासक्रम अभ्यास मंडळातून निघून विद्या परिषदेची पायरी चढेपर्यंत समाजमाध्यमं कूस बदलून मोकळी झालेली असतात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद पडलं, पण मी शिकवत असलेल्या एका अभ्यासक्रमात ते पुढची दोन वर्षं दुसऱ्या घटकात ठाण मांडून होतं. मुलं वर्गात विचारायची, "सर, हे परीक्षेला आहे का?" होतं! टिकटॉकवर मी मोठ्या हौसेने टिपणं काढली, तर जून २०२०मध्ये बंदी आली. ट्विटरचं २०२३मध्ये एक्स झालं, तेव्हा मी टिपणं काढणंच सोडलं.

मग ठरवलं, ॲप शिकवायचं नाही. एक मेसेज घ्यायचा आणि तो कुठून आला, कुठे गेला, एवढंच पाहायचं.

माझा पहिला तास राईनपाड्याचा असतो. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा रविवार. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या, भिक्षा मागणाऱ्या समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. त्याच वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारी माणसं. मूळ चित्रफीत कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी मुद्दाम बनवलेली. शेवटी ती माणसं मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवटच कुणीतरी कापला होता.

वर्गात आधी चित्रफीत कापलेली दाखवतो, मग पूर्ण. मधली शांतता मी मोडत नाही.

त्यानंतर भाषेकडे वळतो. मी मुळात मराठीचा मास्तर, त्यामुळे ही खोड जात नाही. असल्या मेसेजात 'काल रात्री' असतं, तारीख नसते. 'आपल्या भागात' असतं, गावाचं नाव नसतं. म्हणून तो कुठल्याही गावात, कुठल्याही दिवशी ताजाच राहतो. 'जसा आला तसा पाठवला आहे' या शेवटच्या ओळीत पाठवणारा हात झटकून मोकळा होतो. व्हॉट्सॲपने २०१८मध्येच भारतात एका वेळी पाच चॅटमध्येच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. पण 'मावशीने पाठवलंय' या विश्वासाला मर्यादा कशी घालणार? आणि मारायला भटकेच का सापडले, हे सांगायला ॲप पुरत नाही. मागून खाणाऱ्या परक्याकडे संशयाने बघायची गावाची सवय फोनपेक्षा कितीतरी जुनी आहे. म्हणून माझा आग्रह आहे की समाजमाध्यमांच्या या पेपरला समाजशास्त्राच्या विभागातला एक अध्यापक हवाच. कामाचा भार कुणाच्या नावावर धरायचा, ते भांडण आपण चहाला करू.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून झालेली अटक आणि २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेलं, अशा मजकुरासाठी लावलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मुलं आपणच वाद घालतात. मास्तरने गप्प बसावं.

अडचण येते ती गुणांची. प्रात्यक्षिकाला प्रत्येकाने घरच्या ग्रुपवरचा एक मेसेज निवडायचा, घरच्यांना विचारून, नावं खोडून, आणि त्याचा माग काढत मागे जायचं. बहुतेकांची वाट तिसऱ्या-चौथ्या माणसापाशी बंद होते. कुठे अडलो हे जो नेमकं लिहितो, त्याला मी जास्त गुण देतो. बाहेरच्या परीक्षकांना हे पटत नाही. त्यांना उत्तर हवं असतं.

मागच्या सत्रात एका मुलीने काकांच्या मेसेजचा माग काढला. काकांनी तिला ग्रुपमधून काढून टाकलं. तोंडी परीक्षेत मी विचारलं, "आता काय करणार?" ती म्हणाली, "सर, आजी अजून ग्रुपमध्ये आहे. रोज रात्री फोन घेऊन येते आणि विचारते, हे खरं का गं?"