चार हजारांतला संगणक
(समितीच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला विषय दिला होता 'संगणक आणि आपण'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. कारखान्यात छत्तीस वर्षं मी मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची इस्त्री घेऊन काढली, सॉफ्टवेअरवाली मुलं समोरच बसली आहेत, ती हसतील. तेव्हा मी एकाच संगणकाबद्दल बोलतो. आपल्या कार्यालयात खिडकीखाली ठेवलेला तो काळा डबा. त्यात माझी एक चूकही आहे, आणि ती सांगण्यासाठीच खरं तर मी हो म्हटलं.

या डब्याची कुंडली अशी. जन्म २०१२, एस. पी. रोडवर जुळवून घेतलेला. आत इंटेलचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, दुसऱ्या पिढीचा. दोन जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. आला तेव्हा विंडोज ७ होतं, पुढे २०१६ मध्ये फुकट मिळत होतं म्हणून विंडोज १० चढवलं. तेव्हापासून त्याची चाल मंदावली. गेल्या दोन वर्षांत तर खजिनदार वहिनी बटण दाबून चहा टाकायला जात, चहा पिऊन येत, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. वर्गणीची पावती छापायला आलेला माणूस कंटाळून 'व्हॉट्सॲपवर पाठवा' म्हणून निघून जायचा.

जून २०२५ च्या बैठकीत नवीन संगणकाचा विषय निघाला. कोटेशन आलं बेचाळीस हजारांचं. त्यात विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या, आणि विंडोज ११ साठी साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आपला डबा दुसऱ्या पिढीचा. म्हणजे वयोमानानुसार निवृत्त. माझ्यासारखाच.

प्रश्न पैशाचा होता. त्या वर्षी मंडपाचा खर्च वाढला होता आणि हाताशी एकच रक्कम मोकळी होती, विद्यार्थी साहाय्य निधीची. सहा मुलांची फी त्यातून जाते. वहिनी हळूच म्हणाल्या, "काका, एक वर्ष निधी थांबवला तर चालेल का?" कुणीच काही बोललं नाही. मग मी म्हटलं, "मला चार हजार रुपये आणि पंधरा दिवस द्या." बोलून तर गेलो. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

आता तो डबा हळू का होता, ते सांगतो, कारण पैसे कुठे खर्च करायचे ते त्यावरच ठरतं. आपण काय समजतो? जुना झाला, म्हणजे प्रोसेसर जुना झाला. पण टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला आणि डिस्क शंभर टक्के. ऑफिसात साहेब हुशार आहे, पण फाइल आणणारा शिपाई एकच आणि तो म्हातारा, तसा प्रकार. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, चारेक मिलिसेकंद. त्याआधी ती सुई योग्य जागी सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या फायली आणायच्या तर सेकंदाला सत्तर-ऐंशी खेपा, त्याच्या वर नाही. आणि विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली मागतं. त्यात रॅम दोनच जीबी. रॅम कमी पडली की संगणक मावत नाही ते डिस्कवरच लिहून ठेवतो, म्हणजे त्याच म्हाताऱ्या शिपायाला आणखी खेपा.

एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं. तिथे खेपा सेकंदाला हजारोंनी होतात. आपल्या मदरबोर्डवर एच-६१ चिपसेट आहे, त्याचे साटाचे जोड जुन्या, निम्म्या वेगाचे. एका दुकानदाराने मला तेच सांगून नवा मदरबोर्ड घ्यायला लावायचा प्रयत्न केला. पण आपल्याला सिनेमे कॉपी करायचे नाहीत, खेपा वाढवायच्या आहेत, आणि त्या निम्म्या वेगाच्या जोडावरही वाढतात. प्रोसेसर बदलायचा नाही, ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नाही. एसएसडी आणि रॅम, एवढंच ठरवलं.

एस. पी. रोड म्हणजे सदर पत्रप्पा रोड. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, तसा बेंगळुरूकरांना हा. कृष्णराजेंद्र मार्केटच्या मेट्रो स्टेशनवर उतरून चालत गेलो. अरुंद बोळ, दोन्हीकडे वायरी, सीसीटीव्ही, एलईडीच्या माळा, आणि तुम्ही थांबलात की चारी बाजूंनी "सर, क्या चाहिए?" मी "एष्टु?" आणि "स्वल्प कडिमे माडि" एवढ्या कानडीवर चाळीस वर्षं काढली आहेत, तेवढ्यावरच घासाघीस केली.

रॅमच्या बाबतीत फसलो. आपल्या बोर्डाला डीडीआर-थ्री लागते आणि जागा दोनच. नवी डीडीआर-फोर घेऊन उपयोग नाही, तिची खाच वेगळ्या ठिकाणी असते, बसतच नाही. चार-चार जीबीच्या दोन वापरलेल्या पट्ट्या घेतल्या, चारशे पन्नासला एक. घरी येऊन बसवल्या तर पडदा काळा आणि नुसते बीप. खोडरबरने सोनेरी दात घासून पाहिले, जागा बदलून पाहिल्या. मग पट्टीवरचं बारीक अक्षर भिंगातून वाचलं. डीडीआर-थ्रीच्या काही पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, इंटेलवर नाहीत, आणि बाजारात त्या स्वस्तात खपवतात. मला हे माहीत असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सगळा डबाच चादरीत गुंडाळून मेट्रोने नेला. सुरक्षेच्या यंत्रातून तो जाताना तिथल्या पोलीसताईंनी विचारलं, "सर, इदु एनु?" मी म्हटलं, "गणपती ऑफीस कंप्युटर." हात जोडून सोडलं त्यांनी. दुकानात तिथेच लावून पाहिल्या, चालल्या त्याच घेतल्या. जुना माल घ्यायचा तर यंत्र सोबत न्यावं, किंवा निदान बदलून देण्याचं बिलावर लिहून घ्यावं.

आता चुकीकडे येतो.

नवे भाग आणण्याच्या आधीची गोष्ट. मी उत्साहात होतो. म्हटलं आधी फुकटचे उपाय करू. डबा उघडला, धूळ काढली. आपल्या रस्त्यावर मेट्रोचं काम चालू होतं त्याची अर्धी माती आत होती. पंख्याखालची पेस्ट वाळून खडू झाली होती, ती बदलली. घड्याळ दर वेळी जुनी तारीख दाखवायचं, म्हणून बँकेची साइट उघडत नव्हती, ती तीस रुपयांची नाण्याएवढी बॅटरी होती. इथपर्यंत सगळं बरोबर. मग डिस्क अधूनमधून टक्-टक् करत होती तिच्यावर मी रात्रभर तपासणी-दुरुस्ती लावली, आणि ती अर्धवट राहिली म्हणून दुसऱ्या रात्री डीफ्रॅग लावलं.

मंडळी, आजारी माणसाला रात्रभर जिने चढायला लावण्यासारखं ते होतं. डिस्कमध्ये स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवण्याची सोय असते, स्मार्ट म्हणतात तिला. दोन मिनिटांत पाहता येते. ती पाहिली असती तर खराब झालेल्या तुकड्यांचा आकडा दिसला असता आणि मी एकही काम न करता आधी सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं असतं. छत्तीस वर्षं मी कारखान्यात पोरांना हेच शिकवलं की आधी मोजा, मग हात लावा. तिसऱ्या दिवशी सकाळी विंडोज उघडलंच नाही.

शेजारच्या इमारतीतला आपला एक तरुण सभासद, सॉफ्टवेअरमधला, नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही, तो रात्री साडेनऊला ऑफिसातून सुटून माझ्याकडे आला. त्याने आधी मला सांगून झालं होतं, "काका, सगळं क्लाउडवर टाका ना." पण त्या रात्री तो एक शब्दही बोलला नाही. डिस्क त्याच्या लिनक्सच्या लॅपटॉपला लावली आणि डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम चालवला. तो शहाणा असतो. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उतरवून घेतो, अडलेल्या जागी डोकं आपटत बसत नाही, त्या जागा लिहून ठेवतो आणि शेवटी पुन्हा प्रयत्न करतो. एकतीस तास चाललं. मी डिस्कवर टेबलफॅन धरून बसलो होतो, ती गरम होऊ नये म्हणून.

जवळजवळ सगळं मिळालं. सभासदांची यादी, हिशेब, पालिका-पोलीस-बेस्कॉमला लिहिलेल्या परवानगीच्या अर्जांचे कानडी मसुदे, २००९ पासूनच्या चौदा स्मरणिका. कोरोनाची दोन वर्षं सोडून चौदा. त्यातल्या २०१६ पर्यंतच्या आठ पेजमेकरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात आहेत. फॉन्ट नसेल तर 'श्रीगणेश' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबांचा चिवडा दिसतो. जुन्या विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमधून ते फॉन्ट काढले, एका सभासदांच्या माळ्यावरच्या लॅपटॉपवर पेजमेकर निघालं, त्यावर उघडून आठही अंकांचे पीडीएफ केले. तुमच्या घरी जुन्या फॉन्टातलं काही लिखाण असेल तर तो संगणक चालू आहे तोवरच हे करून घ्या.

एक गोष्ट मिळाली नाही.

१९४० साली वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने इथे विमानांचा कारखाना काढला, १९४८ ला टेलिफोनचा आला, १९५४ ला भारत इलेक्ट्रॉनिक्स. त्या कारखान्यांमागोमाग आपली घरं इथे आली. आपल्या वसाहतीतल्या आजी १९५७ मध्ये बेळगावहून लग्न होऊन आल्या होत्या. क्वार्टरमधल्या पहिल्या गणपतीची मूर्ती कशी मिळाली, मोदकाचं पीठ कुठल्या गिरणीत दळलं, आरतीला कानडी शेजारणी कशा आल्या आणि त्यांनी कोणतं गाणं म्हटलं, हे सगळं त्यांनी २०१३ च्या उत्सवात चाळीस मिनिटं सांगितलं होतं. ते ध्वनिमुद्रण एकाच ठिकाणी होतं. फाइल दिसते. आकारही बरोबर दिसतो. पहिली चार मिनिटं स्वच्छ ऐकू येतात, मूर्तिकाराकडे जाण्यापर्यंत. पुढे शांतता आहे, मध्येच एखादा शब्द. एकदा 'पाऊस' ऐकू येतं.

आजी २०१७ ला गेल्या. त्यांचे चिरंजीव आज इथे बसले आहेत. त्यांना मी घरी जाऊन सांगितलं, पण चूक समितीच्या ठेव्याची आहे म्हणून इथेही सांगतो.

बाकीचं लवकर सांगतो. २४० जीबीची एसएसडी १५५० रुपये, रॅम ९००, घड्याळाची बॅटरी ३०, पेस्ट १२०, साटाची वायर ६०, कीबोर्ड ३५०, आणि यूपीएसची बॅटरी ८५०, कारण पावसाळ्यात वीज गेली की डबा धाडकन बंद व्हायचा आणि डिस्क आजारी पडायला तेही एक कारण असणार. एकूण ३८६०. एकशे चाळीस रुपये वहिनींना परत केले, पावतीसह. हे भाव जुलै २०२५ चे. त्या वर्षाच्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, तेव्हा माझा आकडा घेऊन एस. पी. रोडवर भांडायला जाऊ नका.

विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घातलं, हलक्या एक्सएफसीई रूपातलं. पैसे पडत नाहीत आणि २२ क्रमांकाच्या या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. मराठी आणि कानडी दोन्ही इनस्क्रिप्ट कळफलक आतच असतात. वहिनींनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला, कारण एक्सेलच्या जागी लिबरऑफिस आलं आणि पावतीच्या नमुन्यातल्या रेघा सरकल्या. त्या सरळ करायला दोन संध्याकाळी गेल्या. जुना प्रिंटर मात्र न विचारता ओळखला त्याने. आता बटण दाबल्यापासून पावती छापेपर्यंत चहाचं आधणही उकळत नाही. २७ ऑगस्टला गणपती बसले तेव्हा सगळ्या पावत्या याच डब्यावरून निघाल्या, आणि सहाही मुलांची फी वेळेवर गेली. शनिवारी दुपारी त्यांतली दोन मुलं तिथेच बसून टायपिंग शिकतात. सगळ्या ठेव्याच्या आता तीन प्रती आहेत, एक कार्यालयात, एक कार्यवाहांच्या घरी आणि एक, त्या तरुण सभासदाचं ऐकून, क्लाउडवर.

जुनी डिस्क मी टाकलेली नाही. माझ्या कपाटात आहे, कापडात गुंडाळून. प्रयोगशाळेत उघडून माहिती काढतात, त्याचा खर्च नव्या संगणकाहून जास्त सांगितला.

शेवटी एक विनंती. २०१३ च्या त्या संध्याकाळचे फोटो मी पाहिले. आजींच्या समोर टेबलावर आपला माइक आहे आणि त्याच्या बाजूला तीन मोबाइल ठेवलेले दिसतात, एक लाल कव्हरचा. म्हणजे आणखी कुणीतरी रेकॉर्ड करत होतं. तुमच्या कपाटाच्या खणात, मुलांच्या खेळण्यांत, जुन्या पर्समध्ये त्या काळचा फोन किंवा मेमरी कार्ड असेल तर माझ्याकडे आणून द्या. चार्जिंगला लावू नका, चालू करून पाहू नका, फोन फुगलेला वाटला तरी फेकू नका. आहे तसा आणा. मी रोज संध्याकाळी सहा ते आठ कार्यालयात असतो, आणि या वेळी आधी मोजेन, मगच हात लावेन.