श्रद्धा, आचरण आणि गाडगेबाबा



धर्मात श्रद्धा मोठी की आचरण, हा आजचा विषय. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने माणूस केवळ श्रद्धेने तरतो असे ठणकावून सांगितले आणि युरोपातला ख्रिस्ती समाज दुभंगला. पण या प्रश्नासाठी आपल्याला इतके दूर जायची गरज नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यात पाच वर्षांच्या अंतराने दोन माणसे जन्मली. त्यांच्याकडे पाहिले तरी विषय उलगडतो.

1881 साली लोणी टाकळीला कुणब्याच्या घरात गुलाबराव महाराज जन्मले. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. ग्रंथ दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, ऐकले ते ध्यानात ठेवायचे आणि पुढे सांगून लिहवून घ्यायचे, असा त्यांचा अभ्यास. स्वतःला ते ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत, कुंकू-मंगळसूत्र धारण करत. 1915 साली, ऐन चौतिशीत ते गेले, तेव्हा मागे शंभरावर ग्रंथ होते. शेतकऱ्याच्या अंध मुलाला वेदान्तावर अधिकारवाणीने बोलण्याचे बळ श्रद्धेने दिले. म्हणून श्रद्धेला कोणी रिकामटेकडी म्हणू नये.

त्याआधी, 1876 साली, शेंडगावला परिटाच्या घरात डेबूजी, म्हणजेच पुढचे गाडगेबाबा, जन्मले. शाळा नाही, ग्रंथ नाही. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचे जेवण घालायची जातीची रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि गोडाचे जेवण घातले. जातीत राहून जातीची पंगत बदलणे म्हणजे काय, हे खेड्यात राहिलेल्याला सांगावे लागत नाही. 1905 साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटके गाडगे. गावात शिरले की आधी गल्ल्या झाडायच्या, रात्री कीर्तन करायचे. पाया कोणाला पडू द्यायचे नाहीत.

पूर्णेकाठचे ऋणमोचन आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. स्नान केले की ऋण फिटते, ही लोकांची श्रद्धा. पण नदीत उतरायचे तर चिखलातून. म्हातारी माणसे, कडेवर पोर घेतलेल्या बाया घसरायच्या. गाडगेबाबांनी त्या श्रद्धेशी वाद घातला नाही आणि स्नानाचे पुण्य गाठायची घाईही केली नाही. त्यांनी तिथे घाट बांधायला घेतला. लोकांचा देव पाण्यात होता, बाबांचा देव घसरणाऱ्या माणसात होता. पंढरपुरातही तेच. विठ्ठलाच्या दर्शनाला रांग लागायची आणि बाबा वाळवंट झाडत असायचे. ज्यांना इतर धर्मशाळांची दारे बंद होती त्यांच्यासाठी त्यांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि पुढे 1949 साली ती बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली.

आता दुसरी बाजू पाहू. 1927 साली अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. त्यासाठी नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. वेदवाङ्मयातल्या धर्मावर विलायतेत प्रबंध लिहून आलेले पंजाबराव देशमुख त्या चळवळीत पुढे होते. ज्यांनी दार अडवले त्यांची देवीवर श्रद्धा नव्हती काय? होती, आणि ती खरी होती. नवरात्र ते मनोभावे पाळत असतील. तरीही आईच्या दारातून आईचीच लेकरे परत पाठवताना त्यांचा हात थरथरला नाही. श्रद्धा खरी असली म्हणून ती माणसाला आपोआप न्यायी करत नाही, हा धडा आपल्या जिल्ह्याने शिकवला आहे.

मग सोवळे, उपास, नवस यांचे काय? तेही आचरणच, असे कोणी म्हणेल. आपल्या चांदूर तालुक्यात सावंगा विठोबाला पाडव्याच्या दिवशी कापराचे ढीग जळतात. त्या कापराला नावे ठेवायला मी उभा नाही. संकटातून सुटलेल्या माणसाची कृतज्ञता त्यात असते. पण त्या कापराचा व्यवहार देव आणि भक्त या दोघांतला. मी ज्याला आचरण म्हणतो त्यात तिसरा माणूस असतो. आपल्या धर्माने त्या तिसऱ्याचे काय झाले, हा प्रश्न तिथे विचारावाच लागतो.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धर्म स्वीकारला आणि अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यांत काय मानणार नाही हे आहे आणि कसे वागणार हेही आहे. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही. विचार बदलल्यावर वागणे बदललेच पाहिजे, हे त्यांनी प्रत्येकाच्या तोंडून वदवून घेतले. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. 20 डिसेंबरला वलगावजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. एकाने धर्म बदलला, दुसऱ्याच्या मुखी शेवटपर्यंत गोपाळाचे नाव होते. श्रद्धा वेगळ्या, पण वागणुकीची कसोटी एकच.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. श्रद्धा बळ देते, कोणी पाहत नसतानाही माणसाला सरळ ठेवते; तिचा मान राखावा. पण धर्माचा निकाल आचरणावर लागतो. दुसऱ्याच्या श्रद्धेची झडती घेऊ नये. आपल्या वागण्याची मात्र रोज घ्यावी.

ही झडती कुठून सुरू करायची? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी आपल्या भागातली किती घरे उघडी पडली, हे तुम्ही जाणता. मागे राहिलेली ती बाई शेत कसते, पोरे शिकवते, बँकेचे खेटे घालते. आणि शेजारी हळदीकुंकू असले की तिला बोलावणे नसते. लग्नात ती मागे उभी राहते. हे सारे धर्माच्याच नावाने चालते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 2022 साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. गाडगेबाबांच्या जिल्ह्याला यासाठी दुसऱ्याचे बोट धरायची वेळ येऊ नये.

माता-भगिनींनो, येत्या संक्रांतीला पहिले बोलावणे तिच्या घरी जाऊ द्या. आणि पुरुष मंडळींनो, त्यावर घरात कोणी बोट ठेवले, तर तिची बाजू घेऊन तुम्ही बोला.